कुठल्या गोव्यात उतरलात?

मुंबईहून गोव्याला जाणारं विमान सुमारे 400 किलोमीटरचं अंतर तास-सव्वा तासात संपवतं. पुढचे साठेक किलोमीटर मात्र माणसाचा अंत पाहू शकतात. त्यासाठी फक्त चुकीच्या विमानतळावर उतरायचं.

ती सोय जानेवारी 2023 पासून झाली आहे. वास्कोजवळच्या दाबोळीला जोडीदार म्हणून पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. तिकिटावर दाबोळीची खूण जीओआय, मोपाची जीओएक्स. शेवटचं एक अक्षर काय ते वेगळं, आणि तेही बारीक टायपात!

समजा, एक पुणेकर जावई सासुरवाडीला निघाला आहे. सासरे वास्कोचे. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि गोवामुक्तीनंतर नौदलाकडे गेलेला दाबोळी त्यांनी जन्मभर पाहिलेला. त्यांच्या लेखी विमान म्हणजे दाबोळी.

"जावईबापू, मी बाहेरच उभा आहे, पांढरी गाडी."

"नाना, मीसुद्धा बाहेरच आहे."

"मग दिसत कसे नाही?"

दिसणार कसे? मधे तीन नद्या आहेत. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही विमानतळांत जेमतेम 40 किलोमीटर भरतात, पण रस्त्याने यायचं तर कोलवाळला शापोरा, पणजीला मांडवी आणि कुठ्ठाळीला जुवारी ओलांडावी लागते. चाळिसाचे साठ-पासष्ट होतात. टॅक्सीवाला म्हणतो, "दीड तास." तो खोटं बोलत नाही, पर्वरीतली वाहतूक कोंडी तो हिशेबात धरत नाही, एवढंच. आणि भाडं ऐकल्यावर जावयाला विमानाचं तिकीट स्वस्त वाटू लागतं.

तरी हा प्रवास आता सुखाचा म्हणायचा. 1986 च्या पावसाळ्यात मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजीकरांना पलीकडे जायला पुन्हा फेरीबोटीचाच आधार उरला. त्या दिवसांच्या आठवणी असलेल्या माणसाला किलोमीटर विचारण्यात अर्थ नसतो. जुवारीचा नवा पूल खुला झाला तो डिसेंबर 2022 मध्ये, म्हणजे मोपाचं उद्घाटन झालं त्याच महिन्यात. सरकारला जावयाची काळजी होती, असं मानायला हरकत नाही.

या गोंधळात भर म्हणून सीमेपलीकडे सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ आहे, 2021 साली सुरू झालेला. चिपी ते दाबोळी हवाई अंतर 80 किलोमीटरांच्या आत, आणि त्यात तीन विमानतळ! एस्टीलाही इतक्या जवळजवळ थांबे देताना विचार करावा लागतो.

मग मोपाहून दाबोळीला विमानच का नको? स्कॉटलंडच्या ऑर्कने बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी नियमित विमानसेवा आहे. अंतर 2.7 किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा अनुकूल असताना हे उड्डाण 53 सेकंदांतही झालेलं आहे. त्या मानाने आपले 40 किलोमीटर म्हणजे लांब पल्ला. दहा मिनिटांत विमान पलीकडे. फक्त त्याआधी दोन तास येऊन बसायचं, पट्टा काढायचा, पाण्याची बाटली रिकामी करायची, उतरल्यावर बॅगेसाठी फिरत्या पट्ट्यापाशी ताटकळायचं. तेवढ्या वेळात नाना पांढरी गाडी घेऊन मोपाला पोचतात, आणि वाटेत म्हापशाला थांबून चहाही घेतात.