कमी गोड, जास्त मनाई

दर पाडव्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीत एक समिती जन्माला येते. गेल्या वर्षी गुढी गॅलरीत उभारायची की गच्चीत, यावर होती. यंदाचा विषय थोर होता : मुलांचा पाडवा धमाल करायचा, पण गोड कमी करायचं. पहिल्या बैठकीत अध्यक्षांकडून पेढे वाटण्यात आले. पेढा हातात धरून साखरेविरुद्ध बोलणं अवघड, म्हणून सेक्रेटरींनी तो आधी संपवला.

मग ते बोलले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच सांगून ठेवलं आहे की, वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. मोठ्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. सहा चमचे! मुलांना त्याहून कमी. हे ऐकताच बी विंगच्या आजोबांनी चहाचा कप हळूच खुर्चीखाली सरकवला. तो तिसरा होता.

एका निवृत्त सहकार अधिकाऱ्यांनी मात्र हरकत घेतली. "अहो, हे राज्य कोणतं? १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला, तेव्हापासून इथलं राजकारण उसाच्या गव्हाणीतूनच जातं. शिवाजीनगरला साखर संकुल, मांजरीला साखरेची संशोधन संस्था. अशा राज्यात साखर कमी करा म्हणणं म्हणजे पंढरपुरात बुक्क्यावर बंदी घालणं!" टाळ्या पडल्या. ठराव तरीही एकमताने मंजूर झाला. आमच्याकडे विरोध करणारेही हात वर करतात.

पहिली कुऱ्हाड पडली साखरेच्या गाठीवर. का, तर ती उघड उघड साखर आहे. आता गाठीचा गुन्हा बघा. ती सकाळभर गुढीवर लटकते, मग पोराच्या गळ्यात पडते. पोरगं दोन पदकं चघळतं, तिसरं चिकट हाताने आजीच्या साडीला पुसतं. उरलेल्यातली निम्मी मुंग्या नेतात, निम्मी आई कैरीच्या पन्ह्यात विरघळवते. वर्षातून एक दिवस, तोही आधी कडुनिंबाचा पाला चावल्यावर. आमच्या पूर्वजांनी गोडाआधी कडू खायला लावलं, हे एवढंसं नियोजन कुठल्याही समितीशिवाय केलं होतं.

रोज सकाळी दुधात दोन मोठे चमचे पडतात त्या डब्याचं काय, असं मी विचारलं. "ते पौष्टिक आहे," एक काकू म्हणाल्या. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या रकान्यातून काढायला सांगितलं होतं, हे मी सांगितलं. "म्हणूनच आम्ही दुकानातून आणतो," काकू म्हणाल्या. विषय संपला.

गाठीऐवजी काय द्यायचं, यावर तीन बैठका झाल्या. गुळाची चिक्की, मधाचे लाडू आणि खोक्यातला फळांचा रस अशी यादी ठरली. ती ज्या संघटनेच्या नावाने ठरली, ती मध आणि फळांचा रससुद्धा साखरेच्याच हिशेबात धरते, ही बारीक गोष्ट इतिवृत्तात येऊ दिली नाही. रंग तपकिरी झाला की साखरेला आमच्याकडे संस्कार म्हणतात.

मग कुणीतरी सुचवलं, मुलांनाही विचारू. जिन्याखाली बुटांचं खोकं ठेवलं. एकवीस चिठ्ठ्या आल्या. चॉकलेट मागणारी एक. बाकी वीस चिठ्ठ्यांत लगोरी, डबा ऐसपैस, गच्चीवर पतंग, रंगपंचमीला राहिलेलं पाणी आणि 'दोन तास गाड्या बाहेर लावा.' समितीने प्रत्येक चिठ्ठीचा सहानुभूतीने विचार केला. लगोरीने गाड्यांच्या काचा फुटतील. डबा ऐसपैसने ए विंगची दुपारची झोप मोडेल. गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते अमेरिकेत मुलाकडे गेले आहेत. पाण्याचा टँकर आधीच महाग. गाड्या बाहेर? हसण्यातच दहा मिनिटं गेली.

शेवटी चॉकलेटची चिठ्ठी मंजूर झाली. डार्क चॉकलेट, अर्थात.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कशात किती साखर आहे ते मुलांना कळावं म्हणून. आमच्या समितीनेही एक लावला. छान रंगीत आहे. जागा मात्र एकच मोकळी होती : 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून' या जुन्या पाटीच्या बरोबर खाली. पाडव्याच्या संध्याकाळी मुलं तिथे ओळीने उभी राहून चिक्की खात होती आणि बोर्ड वाचत होती. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

मुलांना गोड द्यायचा आपल्याला सोस आहे, कारण ते देऊन आपण मोकळे होतो. चॉकलेट हातावर ठेवायला एक क्षण लागतो, लगोरीसाठी मोटार हलवावी लागते. त्यामुळे आपण वर्षभर मोटार जागची हलवत नाही आणि पाडव्याला साखर मोजतो.

तुमच्या सोसायटीतही समिती असेलच. तिला माझी एकच सूचना : शुगर बोर्ड खुशाल राहू द्या, वरची पाटी काढा. त्याला ठराव लागत नाही, वर्गणी लागत नाही. एक स्टूल आणि एक स्क्रू ड्रायव्हर पुरे. गाठीचं मुंग्या बघून घेतील.