करमुक्त

जालना शहराच्या मधून कुंडलिका नदी वाहते, किंवा काटेकोर बोलायचे तर पावसाळ्यात वाहते आणि उरलेले महिने केवळ नकाशाच्या आधाराने आपला हक्क शाबूत ठेवते. तिच्या एका तीराला जुना जालना व दुसऱ्या तीराला नवा, आणि या दोहोंना जोडणाऱ्या पुलांवरून जी माणसे, जनावरे व वाहने दिवसभर ये-जा करतात, त्यांत कचेऱ्या व शाळा उघडण्याच्या सुमारास एक असा गृहस्थ हमखास आढळतो की, ज्याचे दोन्ही पाय सायकलीच्या सेवेत रुजू असून दोन्ही हात मात्र बेमुदत रजेवर गेलेले असतात.

हा गृहस्थ वयाने चौदापासून चोपन्नापर्यंत कितीही असू शकतो. तो विद्यार्थी असेल, घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा असेल, मोंढ्यातील एखाद्या अडत दुकानाचा मुनीम असेल किंवा सेवानिवृत्तीकडे डोळे लावून बसलेला कारकून असेल. परंतु बैठकीवरून त्याची जातकुळी तत्काळ ओळखता येते. पाठीचा कणा ताठ, दृष्टी क्षितिजाच्या किंचित वर, आणि मुद्रेवर ऐहिक व्यवहाराविषयी असे औदासीन्य की, खालची सायकल दुसऱ्याच कोणाची असून आपण केवळ योगायोगाने तिच्यावर आहोत, असा पाहणाऱ्याचा ग्रह व्हावा. या पंथातील कनिष्ठ साधक हात खिशात घालतात, मध्यम ते छातीवर बांधतात, आणि ज्यांना पूर्ण सिद्धी प्राप्त झाली आहे ते त्या मोकळ्या हातांकडे काही किरकोळ कामकाज सोपवतात: शर्टाच्या बाह्या दुमडणे, चष्मा पुसणे, भुईमुगाच्या शेंगा फोडून टरफले वाऱ्याच्या स्वाधीन करणे, आणि अलीकडे मोबाइल कानाला लावून, "हो, हो, पोचलोच, दोन मिनिटांत," असे एखाद्या वाट पाहणाऱ्या जिवाला ठामपणे सांगणे.

त्याचे शिक्षण अत्यंत रीतसर झालेले असते. प्रथम तासाच्या बोलीने किरायाची सायकल आणून, दांडीखालून पाय घालून मारलेली कैची. मग दांडीवरची स्वारी. मग सीटवर आरोहण, परंतु पाय पायडलापर्यंत न पोचल्यामुळे कमरेचे आळीपाळीने दोन्ही बाजूंना होणारे दोलन. मग मागे धाकट्या भावाला बसवून डबल सीट. या सर्व इयत्ता उत्तीर्ण झाल्यावर मनुष्याने खरे पाहता सायकलीवर बसून कोठे तरी जायला लागावे. बहुसंख्य लोक तसे करतातही, आणि त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्याजोगे काही उरत नाही. आमच्या गृहस्थाला मात्र हा अभ्यासक्रम अपुरा वाटतो. मोती तलावाच्या बाजूला, पहाटे फिरायला येणारी वडीलधारी मंडळी पांगल्यानंतर, तो आधी डावा हात सोडतो, मग उजव्या हाताची बोटे एकेक करून सैल करतो, आणि ज्या क्षणी दोन्ही तळवे हँडलापासून चार अंगुळे वर तरंगतात त्या क्षणी त्याच्या आयुष्यातील एक कालखंड समाप्त होऊन दुसरा सुरू होतो. हँडल धरून सायकल चालवणारे लोक त्या दिवसापासून त्याच्या लेखी केवळ वाहतूक होत.

येथे एक निरीक्षण नोंदवणे अवश्य आहे, कारण त्यावर या व्यक्तीचा सारा उलगडा अवलंबून आहे. अंबड रस्त्यावर शहराबाहेर, जेथे दोन्ही बाजूंना कपाशी आणि मोसंबीच्या बागा यांखेरीज प्रेक्षक नाहीत, तेथे हा गृहस्थ दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून, खाली मान घालून, खड्डे चुकवीत, एखाद्या सामान्य करदात्या नागरिकासारखा सायकल हाकताना दिसतो. अंबड चौफुलीवरची पहिली चहाची टपरी दृष्टिपथात आली की त्याचे हात हळूहळू वर येतात. गांधी चमनाशी गर्दी दाटली की ते छातीवर विराजमान होतात. शाळा सुटण्याच्या वेळी एखाद्या मुलींच्या शाळेवरून जाण्याचा प्रसंग असेल तर ते कोणत्या उंचीला पोचतील हे सांगणे कठीण. ज्या शाळकरी मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या त्यांच्यात ही व्याधी जवळजवळ आढळत नाही, याचेही कारण हेच असावे: त्यांना शाळेत पोचायचे असते.

आता त्याच्या कौशल्याविषयी. कौशल्य आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. कमरेच्या सूक्ष्म झुकावाने वळण घेणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु श्रेयाची वाटणी न्याय्य रीतीने करायची झाल्यास मोठा हिस्सा सायकलीच्या नावे लिहावा लागतो. १८९९ साली, म्हणजे मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या निजामाच्या लोहमार्गाचे काम मराठवाड्यात चालू होते त्या सुमारास, केंब्रिजच्या व्हिपल नावाच्या एका तरुणाने गणिताने दाखवून दिले की, विशिष्ट वेगात सायकल आपला तोल आपणच सावरू शकते: ती डावीकडे कलली की पुढचे चाक आपोआप डावीकडे वळते आणि सायकल पुन्हा भाराखाली येऊन उभी राहते. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मुद्दाम चालवताच येणार नाही अशी सायकल बनवण्याचा उद्योग आरंभला, आणि एकामागून एक नमुने तयार करूनही सायकल त्याला सहजासहजी हार जाईना. २०११ साली तर अमेरिका व नेदरलँड्स येथील संशोधकांनी फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम आणि पुढचे चाक हँडलाच्या आसाच्या रेषेमागे टेकण्याचा लाभ, हे दोन्ही काढून घेतलेली एक सायकलवजा गाडी बनवून नुसती ढकलून दिली; ती सरळ गेली, कललेली सावरली, आणि तिच्यावर कोणीही बसलेले नव्हते. तात्पर्य, आमचा गृहस्थ जे सदर बाजारात करून दाखवतो ते सायकल त्याच्यावाचूनही करू शकते. फरक एवढाच की, तिला हाताची घडी घालता येत नाही.

परंतु सायकलीच्या या सौजन्याला अटी आहेत, आणि त्या अटींचा मसुदा त्याने कधी वाचलेला नसतो. पहिली अट वेगाची: सायकल सावकाश झाली की तिचे स्वावलंबन संपते आणि ती डुलू लागते, म्हणून हात सोडलेल्या मनुष्याला हळू जाण्याची मुभाच उरत नाही व प्रत्येक संकटाची भेट त्याला भरवेगात घ्यावी लागते. दुसरी सामग्रीची: चाकात आउट नसावा, हँडलाच्या मानेतल्या गोळ्या झिजलेल्या नसाव्यात, पुढच्या टायरात हवा भरपूर असावी, आणि डब्याची पिशवी हँडलाच्या एका बाजूला लटकत नसावी; त्याची सायकल या चारही बाबतींत दोषी असते, आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने ते त्याला वारंवार सांगितलेले असते. तिसरी अट रस्त्याची. तो ज्या रस्त्याने जातो तो रस्ता पोलादाच्या कारखान्यांच्या शहरातील आहे. ट्रकाच्या फळीबाहेर सहा-सहा हात लोंबणाऱ्या, टोकाला लाल चिंधी बांधलेल्या सळया तेथून जातात, आणि ट्रक अकस्मात थांबला तरी सळया थोड्या वेळाने थांबतात. मोंढ्याकडे जाणारी बैलगाडी वळताना हात दाखवीत नाही. म्हशीला तर रस्ता हा मुळात वाहनांसाठी आहे हे तत्त्वच मान्य नाही. अंगारकीच्या आदल्या रात्री राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्या हजारो भाविकांमधून हातांची घडी घालून वाट काढणाऱ्या एकास पाहून एका वृद्ध मातेने, "लेकरा, हात जोडायचे ते तिथं गेल्यावर, आत्ता हँडल धर," असे म्हटल्याचे ऐकिवात आहे. विघ्नहर्त्यावर एवढा तात्काळ बोजा टाकू नये, असा तिचा अभिप्राय असावा.

आणि सर्वांत विलक्षण म्हणजे त्याचे अनुमानशास्त्र. याच जिल्ह्याच्या उत्तरेस, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांची व इंग्रजांची तुंबळ लढाई झाली. त्या दिवशी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला नदी ओलांडायची होती आणि उतार कोठे आहे ते कोणी सांगेना. तेव्हा दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, त्याअर्थी त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने केले व ते खरे निघाले. आमच्या गृहस्थाचे अनुमान असे की, काल या ठिकाणी खड्डा नव्हता, त्याअर्थी आजही नसणार. नळयोजना, दूरध्वनीची तार आणि पाऊस या तिन्ही खात्यांशी ज्याचा परिचय आहे तो असे अनुमान करण्यास धजणार नाही. शिवाय असईच्या रणात वेलस्लीच्या मांडीखालचे दोन घोडे जायबंदी झाले, पण त्याने लगाम सोडून हातांची घडी घातल्याचा उल्लेख कोठे नाही.

मग एके दिवशी व्हायचे ते होते. पुढे खड्डा दिसतो, आणि दोन्ही हात हँडलाकडे धाव घेतात. परंतु दोन हात कधीही एकाच क्षणी पोचत नाहीत. जो आधी पोचतो तो हँडलाला आपल्या बाजूस झटका देतो, दुसरा उशिरा येऊन जे सापडेल ते आवळतो, आणि त्यास बहुधा पुढचा ब्रेकच सापडतो. त्यापुढील हकीकत भौतिकशास्त्राच्या अखत्यारीतून शल्यशास्त्राच्या अखत्यारीत जाते. पडणारा मनुष्य स्वभावतः तळहात पुढे टेकतो, आणि मनगटाच्या वरचे हाड मोडते. कोलीज नावाच्या आयरिश शल्यवैद्याने या मोडण्याचे वर्णन १८१४ सालीच, म्हणजे सायकलीचा पूर्वज जर्मनीत अवतरण्याच्या तीन वर्षे आधी, लिहून ठेवले आहे. जे हात संपूर्ण प्रवासात बिनकामाचे बसले होते त्यांनाच सर्वप्रथम किंमत मोजावी लागते, आणि पाय, ज्यांनी सारे कष्ट केले, ते पुष्कळदा खरचटण्यावर सुटतात. या प्रकरणात मला न्यायाचा थोडासा अंश दिसतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच वेळी समोरून जो निरपराध मनुष्य येत असतो, त्याच्या कॅरिअरवर अंड्यांचा ट्रे असतो की तान्हे मूल, हे केवळ दैवाधीन असते. आणि त्यामुळे हा प्रकार मला विनोदी वाटावा तितका वाटत नाही.

पंचनामा जागच्या जागी भरतो. पंच म्हणजे पानपट्टीवरची मंडळी. "हात काय घरी ठेवून आला होता का?" असा प्रश्न प्रथम विचारला जातो. यावर त्याची जबानी कायम ठरलेली: कुत्रे आडवे आले. कुत्रे कोठे दिसत नाही असे पंचांनी म्हटल्यास, ते पळून गेले. रस्त्यावर खडी होती, वारा बाजूने होता, चाकात आउट होता. त्या सबंध जबानीत प्रथमपुरुषी कर्ता एकदाही येत नाही. मनगटाला प्लॅस्टर चढल्यावर पुढील सहा आठवडे तो एका हाताने सायकल चालवतो, आणि हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे लोक आदराने वाट देतात, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही.

पुढे लग्न होते, मुले होतात, केस विरळ होतात. हात सोडण्याची सवय आता फक्त उताराला उरते, तीही कोणी ओळखीचे दिसले तर. घरात मात्र त्याने एक हुकूम जारी केलेला असतो, की कोणत्याही चिरंजीवाने हँडल सोडल्याचे कानावर आल्यास सायकल जप्त होईल. आणि या हुकमाची अंमलबजावणी तो इतक्या कठोरपणे करतो की, त्याच्या पत्नीला हसू लपवण्यासाठी स्वयंपाकघरात जावे लागते.

हा बंदोबस्त केवळ घरगुती नाही, हे ऐकून त्याला नवल वाटेल. १९६८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्ना येथे रस्त्यावरील वाहतुकीविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या सत्ताविसाव्या कलमात, निदान एका हाताने हँडल धरल्यावाचून सायकल चालवण्यास सायकलस्वाराला स्पष्ट मनाई केलेली आहे, आणि १९८० साली भारतही त्या करारात सामील झाला. राष्ट्राराष्ट्रांचे वकील एकत्र जमून, आमच्या या गृहस्थाचा विचार करून उठले, याहून मोठा गौरव कोणता? शर्यतीच्या धंदेवाईकांनाही हा मोह आवरत नाही. २००४ साली मिलान ते सान रेमो या सुमारे तीनशे किलोमीटरांच्या शर्यतीत एरिक झाबेल या जर्मन सायकलपटूने रेषेच्या अलीकडेच विजयाचे हात वर केले, आणि हँडल धरून असलेल्या ऑस्कर फ्रेरे या स्पॅनिश गृहस्थाने आपले चाक तेवढ्या अवधीत पुढे सरकवून शर्यत जिंकली.

समर्थ रामदासांचा जन्म याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली झाला, आणि लग्नाच्या बोहल्यावर भटजींच्या तोंडून 'सावधान' एवढा शब्द ऐकताच त्यांनी मंडपातून पलायन केले, अशी आख्यायिका आहे. त्याच भूमीत हा गृहस्थ उपजावा, आणि सावधानतेचा इशारा त्याच्या कानांवर पडला की त्याचे हात आणखी वीतभर वर जावेत, हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा लागेल.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. लोखंडी पुलावर तो आपल्याला समोरून येताना दिसला तर त्याला हाक मारू नये, "हात धर" असेही सांगू नये, आणि टाळ्या तर मुळीच वाजवू नयेत. कोण पाहते आहे हे बघण्यासाठी तो मान वळवतो. मान वळली की खांदा वळतो, आणि खांद्यामागोमाग चाक. आपण मुकाट्याने डाव्या कडेला सरावे, आणि त्याच्या मागून सळयांचा ट्रक येतो आहे काय, तेवढे पाहून घ्यावे.