बाकी काय?

चित्रकलेचे सर म्हणून त्यांनी ३१ वर्षं शाळेत काढली आणि एकाही पोराला नापास केलं नाही. आभाळ हिरवं रंगवलं तरी शेरा 'छान'. असा माणूस आमच्या सोसायटीचा खजिनदार झाला तो एका बॅनरमुळे.

वार्षिक सभा होती. कोरम नाही म्हणून नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि नेहमीप्रमाणे त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरली. जुने खजिनदार मुलाकडे बंगळुरूला निघाले होते. त्यांच्या जागी कोण, असं विचारताच सगळे आपापल्या बटाटेवड्यात बघू लागले. नेमका त्याच वेळी सरांना मागचा बॅनर तिरका दिसला. तो सरळ करायला ते उठले. "सर उभे राहिले!" चेअरमन ओरडले. टाळ्या. बिनविरोध.

सुरुवातीला आम्हाला त्यांची कीवच यायची. सिंकिंग फंडाचा विषय निघाला तेव्हा "बुडत्या फंडात लोकांचे पैसे कशाला घालायचे?" असं त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी त्यात टाकावीच लागते म्हटल्यावर गप्प बसले. मग उपविधींचं पुस्तक घेऊन पंधरा दिवस गॅलरीत. थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, हे ज्या संध्याकाळी वाचलं, त्या संध्याकाळपासून हे बदलले, असं काकू सांगतात.

थकबाकीदारांची यादी आता लिफ्टशेजारी लागते, तीही जलरंगात. तीन महिने थकले की फिकट गुलाबी, सहा महिन्यांना शेंदरी, वर्षावर गेलं की किरमिजी. शेडिंग अप्रतिम असतं, हे किरमिजीवालेही मान्य करतात. (त्यातल्या एकाने तर फोटो काढून ठेवलाय.)

मार्चअखेरीला ताळेबंदात चाळीस पैसे जुळेनात. रात्री दोनपर्यंत त्यांच्या घरात दिवा. सर ब्लेडने पेन्सिलीला टोक काढतायत, पुन्हा बेरीज करतायत, पुन्हा खोडतायत. शेवटी काकूंनी पर्समधून रुपया काढून समोर ठेवला. "घ्या, आणि झोपा."

"वेडी आहेस का? मग साठ पैसे जास्त होतील!"

पूर्वी जिन्यात भेटले की सर हमखास विचारायचे, "बाकी काय?" मग पाऊस, गुडघे, नातवंडं अशा गप्पा व्हायच्या. सवय अजून तीच आहे, पण आता तो प्रश्न कानावर पडला की माणसं पलीकडच्या जिन्याने जातात. काल दुधाची पिशवी घेऊन वर येताना मी तावडीत सापडलो.

"काय, बाकी काय?"

"बाकी मजेत, सर."

"मजेत नाही," कानावरची पेन्सिल काढत सर म्हणाले, "एकशे बारा रुपये."