बाराचे, चौदाचे आणि कुठलेच नसलेले

पूर्वी माणूस कुठला, हे बोलण्यावरून ओळखावं लागे. नागपूरचा असला तर ‘का बे’वरून कळे, कोल्हापूरचा असला तर विचारायच्या आधीच सांगून टाकी. आता त्याच्या गाडीच्या मागे सिग्नलला उभं राहिलं की झालं. साताऱ्याचा ‘अकरा’, सोलापूरचा ‘तेरा’, पुण्याचा ‘बारा’. कोल्हापूरकराचा ‘०९’ नंबरप्लेटवर असतोच, तरी तो मागच्या काचेवर पुन्हा हातभर आकारात रंगवतात. चुकून कुणी सांगलीचा ‘१०’ समजलं तर?

खरी पंचाईत पिंपरी-चिंचवडकरांची. १९८२ साली महापालिका वेगळी झाली, आरटीओनं ‘चौदा’ दिला, आणि घरोघरी फाळणी झाली. वाकडचा माणूस न्यू जर्सीत पुणेकर असतो, दादरला पुणेकर असतो, बाणेरपर्यंतही कसंबसं निभावतं. लक्ष्मी रोडला गाडी लावली की तो ‘चौदा’ होतो. “चौदा का? मग बरोबर आहे,” एवढंच ऐकू येतं. काय बरोबर आहे, हे विचारायचं नसतं. हे ऐकवणारा गृहस्थ मूळचा फलटणचा; गाडीचे निम्मे हप्ते अजून बाकी. पण पासिंग बाराचं! तिकडे लोणावळ्यालाही चौदाच मिळालाय, पण तो इतका बदनाम नाही. चिक्कीचा गुण असावा.

कराडला वेगळा ‘पन्नास’ मिळाला. ‘अकरा’च्या रुबाबात वाढलेल्या पोरांनी नवी बुलेट घेऊन नुसतं पन्नास म्हणून मिरवायचं म्हणजे फारच झालं.

काहींनी गाव सोडून थेट नातं जोडलं. जादा पैसे भरून ४१४१ घ्यायचा आणि तो ‘दादा’ वाचला जाईल असा वळवून काढायचा. मग सरकारनं एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही सुरक्षा प्लेट सक्तीची केली आणि दादांचा एका दुपारीत पुन्हा चार हजार एकशे एक्केचाळीस झाला.

२०२१ पासून मात्र बदलीवाल्यांसाठी ‘बीएच’ आलं. आमच्या सोसायटीत अशी एक गाडी आली तेव्हा कमिटीची तातडीची बैठक भरली. एमएच नाही, आकडा नाही. या माणसाला नावं ठेवायची तरी कशाच्या जोरावर? तासभर खल झाला. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली : ‘भारत यांनी आपली गाडी पाहुण्यांच्या जागेत लावू नये.’