बॉनेटकाका

सोसायटीत पाणी येणार नाही ही बातमी फळ्यावर खडूने लिहावी लागते, आणि लिहूनही निम्म्या घरांना ती अंगाला साबण लावल्यावरच कळते. कुणाची गाडी सुरू होत नाहीये हे मात्र कुणी कळवावं लागत नाही. सकाळी सव्वानऊला पार्किंगमध्ये किल्ली फिरते, आत काहीच होत नाही, आणि ते काहीच न होणं तिसऱ्या मजल्यावर चहा पीत बसलेल्या बॉनेटकाकांना स्वच्छ ऐकू येतं. एरवी त्यांना डाव्या कानानं जरा कमी येतं. काकू भाजी आणायला सांगतात तेव्हा दोन्ही कानांनी.

पाच मिनिटांत काका खाली. अर्धी विजार, वरच्या दोन गुंड्या न लावलेला शर्ट, पायात रबरी स्लिपर आणि खिशात दहा-अकराचा पाना. नोकरी त्यांनी बँकेत केली. हाताला ग्रीस लागेल असं काम तिथे नव्हतं, त्यामुळे गाडीबद्दलची त्यांची मतं नोकरीभर अगदी कोरी करकरीत राहिली. निवृत्तीनंतर ती वापरात आली. कोथरूडपासून ठाण्यापर्यंत कुठल्याही सोसायटीत जा, हे गृहस्थ भेटतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाऊ, आमच्याकडे बॉनेटकाका.

त्यांच्या सगळ्या ज्ञानाचा उगम एका फियाटमध्ये आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, चोक ओढून सुरू करायची, गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ असलेली ती पद्मिनी त्यांनी पंधराएक वर्षं चालवली आणि बरीचशी ढकलली. त्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनच्याच जोरावर चालायचा. त्यामुळे बॅटरी अर्धमेली असली तरी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का दिला, क्लच सोडला, की ती खोकून का होईना, जागी व्हायची. आजच्या गाडीत पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा कॉम्प्युटरही विजेवर. बॅटरी ठार मेलेली असेल तर ती गाडी कोथरूडपासून कात्रजपर्यंत ढकलत नेली तरी सुरू होणार नाही. काकांना हे अनेकांनी सांगितलं आहे. डाव्या कानात.

काकांची तपासणी गाडीपासून सुरू होत नाही. ती मालकापासून सुरू होते.

"काल रात्री दिवा चालू ठेवलात?"

"नाही हो काका."

"मग किती दिवस उभी होती?"

"कालच तर आणली."

"बॅटरी कुठून घेतलीत? केवढ्याला?" आकडा ऐकला की काका क्षणभर डोळे मिटतात. "फसवलं तुम्हाला."

गाडीचा दोष अजून सापडलेला नसतो, पण मालकाचे तीन सापडलेले असतात.

मग बॉनेट. स्टिअरिंगखालचा खटका ओढल्यावर ते बोटभर उचकतं. पुढे आणखी एक खिट्टी असते ती फटीत बोटं घालून चाचपावी लागते. ही खिट्टी नेमकी कुठे आहे हे कुठल्याही दोन गाड्यांत सारखं नसतं, तरी काका ती बघता बघता शोधतात. या एका बाबतीत त्यांचा हात धरणारा मला कुणी भेटलेला नाही. बॉनेट वर जातं, दांडी टेकते आणि समोर येतं काळ्या प्लॅस्टिकचं भलंमोठं झाकण. इंजिन त्याच्या खाली. हे झाकण काका स्वतःचा अपमान मानतात. "पूर्वी कसं, सगळं दिसायचं," म्हणतात आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून, जे दिसत नाही त्याच्याकडे टक लावून बघतात.

तेवढ्यात मंडळी जमतात. "पेट्रोल आहे ना?" विचारणारे एक असतात. "सेन्सर गेला असणार" म्हणणारे दुसरे. यांच्या मते फ्लॅटच्या भिंतीला ओल येते तीही सेन्सर गेल्यामुळे. मोबाइलवर व्हिडिओ शोधणारा एक मुलगा, आणि काहीही झालं तरी शेवटी ढकलायचंच आहे हे ओळखून बाह्या सरसावून उभा असलेला वॉचमन.

मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची गाडी अशीच बसली. काकांची कला पूर्ण रंगात पाहायची तर तो प्रसंग पाहायला हवा होता. बाईंनी रिमोट दाबला, कुलूप उघडेना. रिमोटच्या पोटात एक छोटी धातूची किल्ली दडवलेली असते, ती काढून त्यांनी दार उघडलं. आतला दिवा लागला नाही. बटण दाबलं, डायलवर एक ठिपकासुद्धा उजळला नाही. हॉर्न दाबला, तोही गप्प. काका येईपर्यंत बाईंचं निदान झालेलं होतं. "काका, काहीच लागत नाहीये. नुसती बॅटरी उतरली असती तर मिणमिणता का होईना, एखादा दिवा लागला असता. काल संध्याकाळी गाडी चांगली होती. टर्मिनल सैल झालंय का बघू या."

यात शंभर नंबरी शहाणपण होतं. किल्ली फिरवल्यावर दिवे लागतात आणि मंद होत 'टक टक टक' आवाज येतो, तेव्हा बॅटरीत जीव कमी असतो. दिवे लख्ख आणि एकच 'टक' आला की बहुधा स्टार्टरची भानगड. आणि सगळंच काळोखात असेल तर वीज बॅटरीतून बाहेरच पडत नाही, नाहीतर बॅटरीत ती औषधालाही उरलेली नाही. म्हणजे टर्मिनल, मुख्य फ्यूज, अर्थची तार किंवा खुद्द बॅटरी. प्लगचा, पेट्रोलचा, एअर फिल्टरचा इथे काही संबंध नाही. एवढं कळायला एक हॉर्न दाबणं पुरतं. पण काका हॉर्न दाबत नाहीत. सकाळी सोसायटीत हॉर्न वाजवणं त्यांच्या मते असभ्यपणाचं आहे.

बाईंचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिस्टर आहेत का घरी? त्यांना जरा खाली पाठवा."

मिस्टर आले. मिस्टरांना गाडी चालवता येत नाही. काकांनी पुढचा अर्धा तास जे काही सांगितलं ते त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते मान डोलावत बायकोला सांगितलं. सुरुवात प्लग काढून पुसण्यापासून. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही काकांची जुनी पद्धत. प्लग त्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली होते, म्हणून वाचले. मग धक्का.

"हं, क्लच दाबून धरा."

"काका, क्लच नाहीये हिला," बाई म्हणाल्या.

"काढला कुणी?"

गाडी ऑटोमॅटिक होती. दांडी 'पी'वर, आणि वीज नसली की ती दांडी 'पी'तून सहजी निघत नाही. चाकं जागच्या जागी अडकलेली. हे कुणी बोलायच्या आत काकांनी "हैश्शा" म्हटलेलं होतं आणि पाच माणसं मागून जोर लावत होती. गाडी तसूभर हलली नाही. सेन्सरवाल्यांची पाठ मात्र हलली ती चार दिवस जागेवर आली नाही.

एरवी अशा वेळी जंपर केबल लावायचा बेतही निघतोच. केबल कुणाकडे तरी असते, ऑनलाइन घेतलेली, टेबलफॅनच्या वायरइतपत जाड. ती एका बॅटरीला लागली की काका आधी तिची उरलेली दोन टोकं एकमेकांवर घासून ठिणगी पाडतात, "करंट येतोय का बघतो." बॅटरीतून हायड्रोजन सुटत असतो, तिथे हा दीपोत्सव. "लालला लाल, काळ्याला काळी" हे त्यांचं सूत्र तीन चतुर्थांश बरोबर आहे. शेवटचा काळा चिमटा बसलेल्या गाडीच्या बॅटरीला लावायचा नसतो. तो बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचा असतो, तो याच हायड्रोजनसाठी. आणि एकदा गाडी सुरू झाली की काकांचा हात पान्यासकट पुन्हा बॅटरीकडे जातो. चालू इंजिनवर टर्मिनल काढून बघायचं, गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक, ही त्यांच्या जुन्या मेकॅनिकची परीक्षा. फियाटला ती खपली. आजच्या गाडीत बॅटरी अशी मध्येच तोडली तर व्होल्टेज उसळी मारतं आणि कॉम्प्युटरचा बळी जातो. बाकी सगळं काकांना करू द्यावं, पण त्या क्षणी त्यांचा हात धरावा. वयाचा मान नंतर राखता येतो.

त्यांच्याकडे एक मल्टिमीटरही आहे, जावयाने दिलेला. तो बॅटरीला लावून बारा आकडा दिसला की ते समाधानाने सांगतात, "बाराची बॅटरी, बारा दाखवतेय. ठणठणीत!" यात मेख अशी की बाराची बॅटरी प्रत्यक्षात बाराची नसते. आत सहा घरं, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे भरलेली आणि निवांत पडलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. बारा दाखवणारी तीन चतुर्थांश रिकामी झालेली असते. इंजिन चालू असताना १४ च्या जवळपास आकडा आला तर अल्टरनेटर काम करतोय, आणि त्यासाठी काहीही सोडावं लागत नाही.

काकांचा सुवर्णकाळ म्हणजे २०२० चा लॉकडाउन. गाडी उभी असली तरी तिचं घड्याळ, अलार्म, कुलूप हे थोडं थोडं खातच असतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात, आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची. मार्चअखेर कुलूपबंद झालेल्या गाड्या एप्रिल संपता संपता एकेक करून माना टाकू लागल्या. काका तोंडाला नॅपकिन बांधून बाल्कनीत उभे राहायचे आणि वरून पुकारायचे, "नुसती पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका! अर्धा तास चालवा!" हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. नेमकं तेवढंच पोलिस करू देत नव्हते.

तर त्या दिवशी. धक्का झाला, मल्टिमीटर घरात सापडेना, मिस्टर घामाघूम झाले. तेव्हा काकांनी करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून टर्मिनलला हात घातला. ते हातानं गर्रकन फिरलं. टर्मिनल हातानं फिरता कामा नये. वर पांढरट-हिरवा बुरा साचलेला. "काकू, खायचा सोडा आणि गरम पाणी!" वरून काकूंचा आवाज आला, "इडलीचा आहे तो. चमचाभरच देणार."

आणि इथे मला काकांबद्दल आदर वाटतो. त्यांनी खिशातला पाना काढला. त्या पान्याच्या एका टोकाला काळा, वितळलेला खड्डा आहे. फियाटचं लाल टर्मिनल सोडताना तो एकदा बॉडीला टेकला होता, त्या दिवसाची ती खूण. तेव्हापासून काका आधी काळी तार काढतात आणि शेवटी काळीच लावतात. कितीही लोक भोवती बोलत असोत, त्यात चूक होत नाही. सोडा फसफसला, जुन्या टूथब्रशने शिसं चकाकेपर्यंत घासलं, पुसून कोरडं केलं, तारा घट्ट आवळल्या, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. बाईंनी बटण दाबलं. डायल उजळला, घड्याळानं बारा दाखवले, इंजिन सुरू झालं.

"मी आल्या आल्याच म्हटलं होतं, टर्मिनल बघा," काका मिस्टरांना म्हणाले. बाईंनी आरशात बघून गाडी मागे घेतली.

काकांच्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट मात्र त्यांनी उघडलेलं कुणी पाहिलेलं नाही. "वॉरंटीत आहे," म्हणतात. जराशी कुरकुर झाली की ती सर्व्हिस सेंटरला जाते, आणि रस्त्यात मदतीला येणाऱ्या योजनेचे पैसे ते दरवर्षी मुदतीच्या आधी भरतात. बँकेतला माणूस.

अलीकडे पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा काका खचले होते. एका गाडीचं बॉनेट उघडून बघितलं, इंजिनच नाही. दोन दिवस ते खाली उतरले नाहीत. मग एके सकाळी त्यातलीच एक गाडी जागी होईना. तीनशे किलोमीटर जाईल एवढी वीज पोटात, आणि दार उघडेना. त्या गाडीतही दिवे, कुलूप आणि कॉम्प्युटर चालवायला एक वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी असून नसून सारखीच. हे त्या मोबाइलवाल्या मुलाने वाचून दाखवलं तेव्हा काका जिन्यात पोहोचलेसुद्धा होते. त्या बॅटरीच्या टर्मिनललाही दहाचाच पाना लागला.