काला अंब आणि दिव्याचं गास्केट

पानिपतचं काला अंब स्मारक मराठी माणसाला १४ जानेवारीला, तिसऱ्या लढाईच्या दिवशी, हमखास आठवतं. मंडळी भर दिवसा हार वाहतात, घोषणा देतात, फोटो काढतात. त्यामुळे स्मारकांच्या आवारातले दिवे रात्री लागतात का, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत येत नाही.

अशा आवारात लावायचा आयपी६५ दर्जाचा दिवा धुळीला आणि पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही. मात्र झाकणाच्या कडेचं रबरी गास्केट शाबूत असेपर्यंतच. ते चिरलं की उत्तरेच्या धुक्यातला ओलावा आत शिरतो आणि दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो. गास्केट स्वस्त असतं; पण त्याच्या उद्घाटनाची फीत कुठून कापणार? १७६१च्या लढाईआधी मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांची रसद तुटली होती. आपल्याकडे निविदांची रसद अखंड: नवा खांब, नवा दिवा, नवी कोनशिला.