वाढपी

पीएच.डी. करणाऱ्यांच्या प्रत्येक वसतिगृहात एक आबा असतो. आमच्याही होता. वय चौतीस, कपाळ मागे सरकत सरकत टाळूपर्यंत गेलेलं, अंगात कुठल्यातरी जुन्या चर्चासत्रात मिळालेला टी-शर्ट. त्याला आबा म्हणायला कुणी सुरुवात केली ते कुणालाच ठाऊक नाही. करणारे सगळे पदवी घेऊन गेले. तोंडावर आम्ही अहो आबा, पाठीमागे अरे आबा. (मुलींच्या वसतिगृहात अशीच एक ताई असते. आबाकडे लपवलेली किटली असते, ताईकडे लपवलेली इस्त्री, एवढाच फरक.)

किटली विजेची, म्हणजे नियमाने बंदी असलेली. ती बादलीत, वर ओला टॉवेल टाकून ठेवलेली असायची. रेक्टर तपासणीला आले की टॉवेलकडे न बघता कॉटवर बसायचे आणि म्हणायचे, "आबा, साखर कमी." तपासणी संपली.

आबा बीडकडचा. आईवडलांनी ऊस तोडला, आणि याने ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर प्रबंध धरला. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्याला फडातल्या भाषेतच समजायची. दोघं नवराबायको म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतात ती उचल. हंगामात फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या मानेवर. "आपलं काय येगळं हाय?" आबा विचारायचा. "गाईड मुकादम, फेलोशिप उचल, आन् हंगाम सहा वर्षांचा. त्यांचा बरा, मार्चात संपतो."

कमाल मुदत सहा वर्षं, हे सगळ्यांना माहीत असतं. २०२२ च्या नियमावलीत पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण जुनी नियमावली कुणाला लागू, नवी कुणाला, हे सांगायला विभागातले कारकूनसुद्धा लोकांना आबाकडे पाठवायचे. 'नो ड्यूज'च्या कागदावर जिमखान्याचा शिक्का कुणाकडून घ्यायचा, तो माणूस जेवायला कधी जातो आणि जेवून आल्यावर त्याचा मूड किती वाजेपर्यंत टिकतो, हे आबाला तोंडपाठ. प्रबंधाचं इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत आणायला लोक शब्द बदलत बसतात. "शब्द नको बदलू, इचार बदल" असं आबा म्हणायचा. फारच मोलाचा सल्ला, पण रात्री दोन वाजता कुणाला परवडतो?

जानेवारी २०२३ पासून जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ फेलोला, महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झाल्यावर ४२,०००. हे आकडे गावाकडे दुसऱ्या दिवशी पोचतात. लग्नाच्या बाजारात तर त्याच्याही आधी. खात्यात पोचायला मात्र कधी तीन महिने लागतात, कधी पाच. मधल्या काळात मेस, झेरॉक्स आणि मोबाईलचा रिचार्ज थांबत नाहीत. त्यासाठी आबाची वही होती. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. ज्याची फेलोशिप आली त्याने त्यात टाकायचं, ज्याची अडकली त्याने उचल घ्यायची. रकाने चार: नाव, उचल, फेड, कारण. कारणाच्या रकान्यात 'मेस', 'चष्मा', 'बहिणीचा साखरपुडा', 'गाईडच्या मुलाचा वाढदिवस' अशा नोंदी. एका ठिकाणी नुसतंच 'उदास'. त्यापुढे १२० रुपये. मी विचारलं तर आबा म्हणाला, "पिच्चर बघून आला. बरा झाला."

मला विचाराल तर आबाच्या प्रबंधापेक्षा या वहीतली माहिती जास्त अस्सल होती.

शेवटची आठ पानं दंडाची. "कधी संपतंय?" हा प्रश्न विचारला की दहा रुपये. नियम पाहुण्यांनाही लागू. एकाचे मामा भेटायला आले, त्यांनी दारातच विचारलं, आणि आबाने नमस्कार करून वही पुढे केली. मामांनी वीस दिले, कारण त्यांना पुढचा प्रश्न लग्नाचा विचारायचा होता.

२०१८ साली 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'मध्ये एक पाहणी छापून आली होती. २६ देशांतल्या २,२७९ जणांना, त्यात बहुतेक पीएच.डी.वाले, प्रश्न विचारले. चिंता आणि नैराश्य सर्वसाधारण लोकांच्या सहापट निघालं. भौतिकशास्त्रातल्या एकाने तो लेख आबाला वाचून दाखवला. आबाने लक्षपूर्वक ऐकलं, मग म्हणाला, "एवढ्या लोकांना प्रश्न इचारले. चहा इचारला का?"

हाच भौतिकवाला एका रात्री दीड वाजता बॅग भरून आबाच्या दारात उभा राहिला. प्रयोग चौथ्यांदा फसला होता, गाईड बैठकीत सगळ्यांसमोर काहीतरी बोलले होते. मीही तिथेच होतो, आणि "सगळं नीट होईल" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. आबाने माझ्याकडे असं बघितलं की मी ते गिळलं. त्याने वर्तमानपत्र पसरलं, दोन गड्डे लसूण ठेवला आणि म्हणाला, "बस की. सोल." पोरगा सोलत बसला. नखात साल गेली की झटकायचा, डोळे पुसायचा, परत सोलायचा. तीन वाजेपर्यंत पाकळ्यांची रास झाली आणि तो बोलता झाला. आबाने मधे एक शब्द टाकला नाही. शेवटी कपाटाच्या दाराकडे बोट केलं. आतल्या बाजूला खडूने १४४१६ लिहिलेलं होतं, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. "मी हाय, पण मी लसणापुरता. याच्याफुडचं यांना कळतं." सकाळी त्याच्यासोबत समुपदेशकाकडे जाऊन आबा बाहेरच्या बाकावर दीड तास बसला. पुढचे चार दिवस आमच्या प्रत्येक भाजीत लसूण होता.

आणि पंगत. रोज रात्री नऊ ते अकरा, आबाच्या खोलीत भिंतीला टेकून पाच-सहा जण, मांडीवर लॅपटॉप. फोन पोह्यांच्या डब्यात. बोलायचं नाही, फक्त लिहायचं. अकराला ज्याने त्याने ओळी सांगायच्या. एक लिहिली, तीन खोडल्या असं कुणी म्हटलं तर आबा गंभीरपणे 'उणे दोन' अशी नोंद करायचा. माझी अख्खी दोन प्रकरणं त्या भिंतीला टेकून झाली. आबा मात्र कधी पंगतीत बसला नाही. तो वाढपी. पाणी, चहा, चार्जर, कुणाच्या पाठीमागे उशी.

त्याचं तिसरं प्रकरण तीन वर्षं तिसरंच होतं. फाईल उघडली की दार वाजायचं. नाही वाजलं तर आबा स्वतः उठून बाहेर बघून यायचा, कुणाला काही हवंय का. पोरं त्याला देवमाणूस म्हणायची. मी म्हणत नाही. तो लपत होता. प्रबंधापासून लपायला दुसऱ्याच्या अडचणीइतकी उबदार जागा नाही, आणि आम्ही ती त्याला रोज पुरवत होतो. कारण आम्हाला चहा हवा होता.

मग त्याला मुदतीचं शेवटचं पत्र आलं. आबाने ते घडी करून वहीत ठेवलं आणि कुणाच्यातरी अर्जाचा मसुदा करायला घेतला. त्या रात्री आम्ही चौघांनी वही काढून घेतली, किटली काढून घेतली, त्याचा फोन पोह्यांच्या डब्यात टाकला आणि त्याला भिंतीला टेकवून बसवला. दारावर कागद लावला: 'आबा जेवायला बसलेत. नंतर या.' पहिला अर्धा तास तो नुसता किटलीकडे बघत होता. साडेनऊला एकदा उठला. भौतिकवाल्याने खांदा दाबून खाली बसवलं. मग बोटं चालायला लागली.

अकराला त्याने आकडा सांगितला: तेरा ओळी.

चहा भौतिकवाल्याने केला होता. पाणचट. आबाने कप संपवला, वही मागून घेतली आणि त्याच्या नावावर दहा रुपये दंड लिहिला.